“बॅटरी गेली” म्हणण्याआधी

गाडी सुरू झाली नाही की आमच्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं असतं: बॅटरी गेली. खळ्यात उभा असलेला शेजारी तेच म्हणतो, रस्त्याने जाणारा रिक्षावाला थांबून तेच म्हणतो, मुंबईहून फोनवर बोलणारा भाचाही तेच म्हणतो. कधी ते खरं असतं. पण कितीतरी वेळा बॅटरीचा काहीच दोष नसतो, तरी ती बदलली जाते. चार-पाच हजार रुपये जातात, नव्या बॅटरीच्या जोरावर गाडी काही दिवस बरी चालते आणि मूळ दुखणं होतं तिथेच राहिल्यामुळे एका सकाळी पुन्हा सगळं पहिल्यापासून सुरू. मला याचं फार वाईट वाटतं. ज्यांचे पैसे असे जातात त्यांच्यासाठी चार-पाच हजार म्हणजे काय, हे मला माहीत आहे.

आचऱ्यापासून आत, खाडीच्या अंगाला आमची वाडी आहे. घरं बरीच, चारचाक्या मोजक्या. रात्री कुणाला बरं नसलं, कुणाच्या सुनेचे दिवस भरले, कुणाला डायलिसिसला न्यायचं असलं की ज्याच्या दारात गाडी त्याला हाक जाते. ओरोसचं जिल्हा रुग्णालय घ्या नाहीतर कणकवली घ्या, वळणावळणाच्या रस्त्याने पोचायला वेळ लागतोच, आणि रात्री एसटी नसते. अशा वेळी किल्ली फिरवली आणि नुसतं ‘टक’ झालं तर त्या घरातल्या माणसांची काय अवस्था होते, ते मी जवळून पाहिलं आहे. म्हणून गाडी का सुरू होत नाही हे शोधण्याची विद्या फक्त गॅरेजात राहू नये, वाडीत दोघा-तिघांना तरी ती यावी, असं मला मनापासून वाटतं.

मला ती नाक्यावरच्या मिस्त्रीकाकांनी शिकवली. सांगायला गेलं की मी सुरुवात करायची, “काका, बॅटरी बदलायला झालीय बहुतेक,” आणि ते हातातला पाना खाली ठेवून म्हणायचे, “काय बदलूचा ता मागीर बघू. आधी काय झाला ता सांग गो बाय.” मग प्रश्न सुरू. काल चालू होती मां? आवाज कसो इलो? गाडी खंय उभी होती? पाऊस लागलो? कोणी काय काम केल्यानी? बॉनेट उघडायच्या आधीच त्यांचा निम्मा तपास झालेला असायचा. काल संध्याकाळी ठणठणीत असलेली गाडी आज सकाळी बंद, ही एक गोष्ट. महिनाभर हळूहळू जड होत होत बंद पडलेली गाडी, ही वेगळी. कालच म्युझिक सिस्टीम बसवून आणली असेल तर आधी तिकडेच बघायचं. बहुतेक गिऱ्हाइकं ही माहिती सांगतच नाहीत, थेट निदान सांगतात. माझ्या मते पहिली गडबड इथेच होते.

आवाजाचं थोडं सविस्तर सांगते, कारण घरच्या माणसाला फुकटात मिळणारी सर्वांत मोठी माहिती तीच आहे.

किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डवर एकही दिवा लागला नाही, हॉर्न नाही, काही नाही, तर बॅटरी पार उतरली आहे किंवा तिचं टर्मिनल निसटलं आहे, नाहीतर मोठा फ्यूज उडाला आहे. दिवे लागतात पण पटापट ‘टकटकटकटक’ असा आवाज येतो, तेव्हा सेल्फवरचं (इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरवरचं) सॉलेनॉइड, म्हणजे विजेने आत ओढला जाणारा स्विच, आत ओढलं जातं, त्यासरशी मोटर वीज मागते, व्होल्टेज कोसळतं, सॉलेनॉइड सुटतं, व्होल्टेज वर येतं, पुन्हा ओढलं जातं. हे सेकंदात कितीतरी वेळा होत असतं. याचा अर्थ थोडी वीज आहे, पुरेशी नाही. एकच ठसठशीत ‘टक’ होऊन शांतता, तर सॉलेनॉइडने आपलं काम केलं पण मोटर फिरली नाही: सेल्फचे कार्बन (आत फिरत्या भागाला वीज पोचवणारे तुकडे) झिजले असतील, सॉलेनॉइडचे संपर्क जळाले असतील, किंवा जाड वायरमध्ये कुठेतरी अडथळा असेल. ‘घुर्र... घुर्र...’ असा जड, रडका आवाज म्हणजे इंजिन फिरतंय पण दम नाही. आणि सेल्फ झकास मारतोय, इंजिन नेहमीच्या वेगाने फिरतंय, तरीही पेट घेत नाही, तर बॅटरीचा नाद सोडून द्यायचा. तिथे इंधन, ठिणगी, हवा, सेन्सर हे बघायचं. इंजिन नेहमीपेक्षा हलकं, भरभर, कसलाच जोर नसल्यासारखं फिरत असेल तर मात्र पुन्हा सेल्फ मारायचा नाही, कारण टायमिंग बेल्ट (इंजिनचे आतले भाग एका तालात फिरवणारा पट्टा) तुटलेला असू शकतो.

“लाइट तर लागतेय, मग बॅटरी चांगलीच आहे,” हे दुसरं ठरलेलं वाक्य. त्याचाही हिशेब करून बघावा. हॅलोजनचा हेडलाइट साधारण ६० वॅटचा. १२ व्होल्टवर तो ५ अँपिअर घेतो, दोन मिळून १०. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ इंजिन फिरवताना शंभर-दीडशे अँपिअर घेतो, डिझेलचा त्याहून पुष्कळ जास्त. दिवे लागले यावरून एवढंच कळतं की १० अँपिअरची सोय आहे. मे महिन्यात विहिरीत वाकून बघितलं तर पाणी दिसतं, पण पंप लावला की दहा मिनिटांत तळ, तसंच हे.

पण याच दिव्यांचा उपयोग नीट केला तर ते फार सांगतात. हेडलाइट लावून ठेवायचे आणि किल्ली फिरवायची. दिवे एकदम मंदावले किंवा विझले, तर बॅटरीत जीव नाही किंवा तिच्यापाशीच जोडणी सैल आहे. दिवे जसेच्या तसे राहिले आणि सेल्फ ढिम्म, तर वीज सेल्फकडे निघालेलीच नाही. मग रिले (थोड्या विजेवर मोठी वीज जोडणारा स्विच), किल्लीमागचा स्विच, सॉलेनॉइडची बारीक वायर, क्लचचा स्विच हे तपासायचं. नव्या काही गाड्या सेल्फ मारताना हेडलाइट आपोआप बंद करतात, तिथे छताचा छोटा दिवा लावून बघावा.

क्लचच्या स्विचवरून आठवलं. नव्या बऱ्याच गाड्यांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ लागतच नाही. ऑटोमॅटिक असेल तर गिअर पार्क किंवा न्यूट्रलला लागतो. पावसाळ्यात आपण पायाशी जाड रबरी मॅट टाकतो, ती सरकून पेडलखाली जाते, क्लच शेवटपर्यंत जात नाही आणि गाडी मेल्यासारखी पडते. अशी गाडी टो करून नेलेलीसुद्धा मी पाहिली आहे.

आता ज्या गाडीमुळे मी हे लिहायला बसले तिच्याबद्दल. माझ्या चुलत दिरांची गाडी, पेट्रोलची, दहाएक वर्षं जुनी. ती पावसाळ्याच्या तोंडाला जड सुरू व्हायला लागली. तालुक्याच्या एका दुकानात बॅटरी बदलली. दसऱ्यापर्यंत बरी चालली, मग पुन्हा घुर्र-घुर्र. दुकानदाराने वॉरंटीत दुसरी दिली. शिमग्याला सगळे पालखीकडे निघालेले आणि ही खळ्यात ढिम्म. मग कुणीतरी सांगितलं सेल्फ बदला, त्याचाही भाव काढून झाला. तेवढ्यात मिस्त्रीकाका देवळाकडे जाता जाता थांबले.

त्यांनी काहीही खोललं नाही. दिरांना सांगितलं, “सेल्फ मार, पण पाचच सेकंद.” मग पुन्हा एकदा. आणि बॉनेटमध्ये हात घालून बॅटरीच्या निगेटिव्हकडून गिअरबॉक्सकडे गेलेल्या अर्थच्या (अर्थिंगच्या) पट्टीचा शेवटचा बोल्ट बोटाने चाचपला. मला म्हणाले, “हात लाव.” बोल्ट तापला होता. इंजिन सुरू झालेलं नव्हतं, सगळं थंडगार होतं, आणि तो एकच बोल्ट गरम.

मग मीटर लावला. बॅटरी शांत असताना १२.५ व्होल्ट, म्हणजे चांगली भरलेली. पूर्ण भरलेल्या बॅटरीचे सहा सेल प्रत्येकी २.१ व्होल्टचे, मिळून १२.६; १२.२ म्हणजे साधारण निम्मी. १२ च्या खाली गेली की उतरलीच म्हणायची. सेल्फ मारताना बॅटरीच्या दोन खुंट्यांवर ११ च्या आसपास. हेही ठीक, कारण सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाऊ नये असं मानतात. थोडक्यात बॅटरी निर्दोष. मग काकांनी मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर धरली, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि पुन्हा सेल्फ मारायला लावला. खरं तर या दोन जागा जाड वायरने जोडलेल्या, त्यांच्यात काहीच फरक दिसायला नको. फार तर अर्ध्या व्होल्टच्या आत. मीटरवर अडीचच्या जवळपास आकडा आला. बॅटरीने दिलेल्या अकरातले अडीच व्होल्ट त्या एका वाटेवरच खर्च होत होते, सेल्फला उरलेल्यावर भागवावं लागत होतं.

बोल्ट काढला. वरून ती पट्टी चांगली दिसत होती, थोडी धूळ, बाकी काही नाही. पण बोल्टखाली, जिथे तांब्याची विणलेली पट्टी धातूला टेकते त्या रुपयाएवढ्या जागेत, लाल गंजाचे पापुद्रे आणि त्यावर हिरवट मऊ थर. पट्टी वाकवली तर आतल्या तारा काळ्या पडून तुटायला आलेल्या. हा अडथळा किती? ओहमच्या शंभराव्या भागाच्या दुप्पट, ०.०२. सव्वाशे अँपिअरला गुणलं की अडीच व्होल्ट. आणि अडीच व्होल्टला सव्वाशे अँपिअरने गुणलं की तीनशे वॅट उष्णता, त्या बोल्टपाशी. तो का तापला होता ते कळलं.

हा अनुभव माझ्या मनात पक्का बसला त्याचं कारण पुढे आहे. मी काकांना विचारलं, मीटरने त्या पट्टीचा रेझिस्टन्सच का नाही मोजला, सेल्फ मारायची दगदग कशाला? त्यांनी तोही मोजून दाखवला: मीटरने जवळजवळ शून्य दाखवलं. साधा मीटर रेझिस्टन्स मोजताना किरकोळ वीज सोडतो, आणि त्याच्या पिनांच्या वायरींचाच अडथळा या बिघाडाच्या कितीतरी पट असतो. किरकोळ वीज जायला चार तारा शाबूत असल्या तरी पुरतात. बिघाड दिसतो तो सव्वाशे अँपिअर जायला लागले की. दुकानातही बॅटरी बाहेर काढून, टेबलावर ठेवून तपासली होती. त्यांनी बॅटरी तपासली, गाडी तपासलीच नाही. काकांचं म्हणणं असं की जो भाग ज्या कामाला आहे, ते काम करत असताना तो बघायचा. मी तेव्हापासून तेच धरून चालते. नवी पट्टी, पॉलिश पेपरने घासून लखलखीत केलेली जागा, वर व्हॅसलिनचा हात. सगळं मिळून एका जेवणाच्या खर्चात झालं. सेल्फ अजून तोच आहे.

ही गोष्ट घाटावर घडली नसती असं नाही, पण आमच्याकडे ती पुन्हा पुन्हा घडते, आणि त्याला कारण समुद्र आहे. खारं वारं म्हणतो आपण, ते शब्दशः खारं असतं. लाटा फुटताना उडालेले बारीक थेंब वाऱ्याबरोबर आत येतात, पाणी सुकतं, मीठ बसतं. आता मीठ नुसतं बसलं तर फार बिघडत नाही. ते ओलं झालं की बिघडतं. साध्या मिठाची गंमत अशी की हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की ते हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते तर त्याच्याही पुष्कळ आधी ओलावतात. स्वयंपाकघरातली मिठाची बरणी पावसाळ्यात पाणी सोडते, हे आपण रोज बघतो. तेच बॉनेटच्या आत चाललेलं असतं: प्रत्येक बोल्टवर, प्रत्येक टर्मिनलवर खाऱ्या पाण्याचा अदृश्य थर. तांबं आणि लोखंड, शिसं आणि पितळ असे दोन वेगळे धातू जिथे टेकतात तिथे हा थर पडला की गंज फार वेगाने चालतो. वायरच्या टोकाकडून तो प्लास्टिकच्या आत शिरत जातो. वरून वायर नवी, आत तांबं काळं.

म्हणून ओहोटीला कडक वाळूवर गाडी घालून लाटांच्या कडेने पळवणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, नका करू. फोटो निघतात, पण खालून उडालेलं पाणी अर्थच्या पट्ट्यांवर, सेल्फच्या वायरींवर बसतं, आणि ती गाडी घरी परतल्यावर दोन पावसाळ्यांनी कुठल्या तरी गॅरेजात “इलेक्ट्रिकल प्रॉब्लेम” म्हणून उभी राहते. सागरी रस्त्याने दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ अशा फेरीबोटींतून गाडी आणणाऱ्यांना तेवढी भीती नाही, पण भरतीला पुढे उभं राहून पाणी अंगावर आलं असेल तर घरी पोचल्यावर गोड्या पाण्याने खालून धुऊन घ्यावी.

बॅटरीच्या खुंटीवर पांढरी-निळसर पूड जमते तिचं प्रकरण वेगळं. ती आतल्या गंधकाम्लाची करणी. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून ओतला की फसफसून निघते. क्लॅम्प (खुंटीवरची वायरची पकड) काढताना आधी निगेटिव्ह, बसवताना निगेटिव्ह शेवटी. एवढं लक्षात ठेवावं. उलट केलं तर पॉझिटिव्हवर लावलेला पाना चुकून बॉडीला टेकतो आणि मोठी ठिणगी पडते.

सेल्फ मारतो पण इंजिन पेट घेत नाही, त्याबद्दल आता. किल्ली ‘ऑन’ करून सेल्फ न मारता कान द्यावा. पेट्रोलच्या इंजेक्शनवाल्या गाडीत मागच्या सीटखालून दोन सेकंद बारीक ‘हुंऽऽ’ असा पंपाचा आवाज येतो. तो नसेल तर पंप, त्याचा फ्यूज, त्याचा रिले. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर नकाशा असतो, तिथला सारखाच दुसरा रिले काढून त्या जागी लावून बघणं हे पाच मिनिटांचं काम. डॅशबोर्डवर किल्लीचं किंवा कुलपाचं चित्र लुकलुकत राहिलं तर इमोबिलायझरने (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेने) किल्ली ओळखलेली नाही; दुसरी किल्ली वापरून बघावी. बटणाच्या गाडीत किल्लीतला रुपयासारखा सेल संपलेला असतो. किल्ली बटणाला टेकवून दाबलं तर बऱ्याच गाड्या चालू होतात. डिझेलच्या गाडीत टाकी पार रिकामी झाली असेल तर लाइनने हवा घेतलेली असते, ती प्रायमर (हाताने दाबायचा छोटा पंप) दाबून काढावी लागते. तोवर कितीही सेल्फ मारला तरी बॅटरीच उतरते.

आणि उंदीर. पावसाळ्यात शेतात पाणी भरलं की ते कोरडी, उबदार जागा शोधतात, आणि नुकतंच बंद केलेलं इंजिन त्यांना फार आवडतं. शेजारच्या काकींच्या गाडीचा एअर फिल्टर उघडला तर आत वाळलेल्या पेंढ्याचं घरटं, काजूच्या बियांची टरफलं, आणि फिल्टरचा कागद कुरतडून त्याची केलेली मऊ गादी. इंजेक्टरच्या दोन वायरी तोडलेल्या होत्या, तांबं चमकत होतं. लोक बॉनेटमध्ये डांबरगोळ्या ठेवतात, तंबाखूची पानं बांधतात. मला त्याचा फारसा गुण दिसलेला नाही. गाडी रोज हलवणं, आणि पडवीत भाताची पोती असतील तर तिच्याजवळ गाडी न लावणं, याचा दिसला आहे.

पाण्याबद्दल मात्र कळकळीने सांगायचं आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा अख्ख्या बाजारपेठेबरोबर कितीतरी गाड्या बुडाल्या. पाणी ओसरल्यावर माणूस साहजिकच पहिली किल्ली फिरवून बघतो, चालू होते का. तेच करायचं नाही. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. एअर फिल्टरच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असेल आणि सेल्फ मारला, तर पिस्टन वर जाताना त्या पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. जे इंजिन उघडून, सुकवून, तेल बदलून वाचलं असतं ते त्या एका किल्लीने जातं. बुडालेल्या गाडीची बॅटरी सोडवायची, एअर फिल्टर बघायचा, तेलाची पट्टी काढून बघायची. ती दुधाळ चहासारखी दिसली तर तेलात पाणी आहे. मग प्लग काढून इंजिन हाताने फिरवून आतलं पाणी बाहेर काढायचं, हे मिस्त्रीचं काम. ओढ्याच्या पाण्यातून जाताना मध्येच बंद पडलेल्या गाडीलाही हेच लागू.

हाताने फिरवण्यावरून, माझ्या सासऱ्यांकडे जुनी जीप होती, तिला पुढून लोखंडी हँडल घालून इंजिन फिरवता येत असे. विजेवरचा सेल्फ अमेरिकन इंजिनिअर चार्ल्स केटरिंग यांच्या कामातून १९१२ च्या कॅडिलॅकवर पहिल्यांदा आला; त्याआधी जगभर हेच हँडल. सासरे हँडल धरताना अंगठा इतर बोटांच्याच बाजूला ठेवायला लावत, मुठीत गुंडाळू देत नसत. इंजिनने उलटा झटका दिला तर अंगठा मोडतो. पण त्या हँडलमुळे त्यांच्या हाताला सगळं कळत असे: दाब कुठे येतो, कुठला सिलिंडर पोकळ आहे, इंजिन मोकळं आहे की जाम. आता तो स्पर्श नाही, म्हणून कानावर आणि मीटरवर जास्त विसंबावं लागतं. मीटर पाचशे रुपयांच्या आत मिळतो. वाडीत एक असावा.

चाकरमान्यांच्या गाड्यांविषयी. गावच्या घरी म्हाताऱ्या आई-वडिलांसाठी म्हणून गाडी ठेवलेली असते, चालवणारं कुणी नसतं. गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म, कॉम्प्युटर मिळून ५० मिलीअँपिअरच्या आत-बाहेर वीज चालूच असते. दिवसाला १.२ अँपिअर-अवर. छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. दोन आठवड्यांत निम्मी, महिन्यात जवळजवळ कोरडी, आणि उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की आतल्या पत्र्यांवर सल्फेटचे कडक खडे होतात, मग ती पुन्हा पूर्ण भरतच नाही. आठवड्यातून एकदा पाच मिनिटं गाडी नुसती चालू करून ठेवतात, त्याने भागत नाही. सुरू करायला गेलेली वीजसुद्धा जेमतेम परत येते. अर्धा-पाऊण तास नीट फिरवून आणावी. ते जमणार नसेल तर निगेटिव्ह सोडवून ठेवावं. गणपतीला आल्यावर गाडीच्या जागी गाडी आणि डोक्याला शांतता.

उतरलेल्या बॅटरीला दुसऱ्या गाडीची वीज द्यायची असेल तर क्रम पाळावा: लाल आधी उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, शेवटच्या टोकाला ठिणगी पडतेच, ती त्या वायूजवळ पडू नये म्हणून हे. या रीतीत एक तपासही दडलेला आहे: बॅटरी भरलेली असूनही सुरू न होणारी गाडी इंजिनच्या धातूला टोक लावल्याबरोबर फाडकन सुरू झाली, तर अर्थची पट्टी संशयित धरावी, कारण आपण नकळत तिला वळसा दिला. धक्का मारून सुरू करायची तर गाडी गिअरची हवी, दुसऱ्या गिअरला टाकून क्लच सोडायचा. पण इंजेक्शनची गाडी असेल आणि बॅटरी पार मेलेली असेल तर पंप आणि कॉम्प्युटरला वीज कुठून मिळणार? तिथे उतारावर कितीही ढकला, माणसंच दमतात.

मिस्त्रीकाका आता गुडघ्यांमुळे फार फिरत नाहीत. लोक त्यांना व्हॉट्सॲपवर किल्ली फिरवतानाचा आवाज पाठवतात आणि ते ओटीवर बसून ऐकतात. दोन-तीनदा ऐकतात, मग फोन करून विचारतात, लाइट मंद झाली काय? हात लावून बघितलंस? मागच्या आषाढात वरच्या घरातल्या पोरीला कळा सुरू झाल्या. पहाटेची वेळ, दारातल्या गाडीचं ‘टकटकटक’. तिच्या दिराने, बारावीतला मुलगा तो, काकांना आवाज पाठवला. काकांनी सांगितलं, टर्मिनल हाताने हलवून बघ. हललं. सीटखालच्या पिशवीत दहा नंबरचा पाना होता, त्याने आवळलं, गाडी सुरू झाली आणि ते वेळेत कणकवलीला पोचले. दुसऱ्या दिवशी तो गाडी घेऊन माझ्याकडे आला. क्लॅम्प पूर्ण आवळूनही खुंटीवर किंचित फिरत होता. आतून खाऊन सैल झाला होता. नुसत्या आवळण्यावर तो टिकणार नव्हता. मग आम्ही निगेटिव्ह आधी सोडलं, खुंटी घासली, आणि तो आचऱ्याला नवा क्लॅम्प आणायला गेला.